शोभेची

संकेश्वरच्या स्टँडमागं आमचं मेडिकल,
आणि काउंटरवर, वजनकाट्याला टेकून,
एका जांभळ्या मिरचीचं रोप.

मिरच्या हिच्या लोंबत नाहीत.
उत्तर येणाऱ्या पोरांसारखी बोटं वर करून उभ्या,
आधी जांभळ्या, मग दुधी, मग केशरी,
आणि मी गोळ्यांची पट्टी कापून वळेपर्यंत
एखादी लाल.

सुट्टे मोजता मोजता गिऱ्हाईक विचारतंच,
"खायाची हाय का ओ ही?"
मल्लवा विचारते, "चंद ऐती. तिन्बारदेनव्वा?"
ज्या गावात उन्हाळ्याआधी गच्च्या लाल होतात,
चटणीच्या गिरणीपुढनं सायकलवालाही
श्वास धरून जातो,
तिथं मिरची नुसती बघायची
म्हणजे ताटावर बसून उपास.

मी बारीक अक्षर वाचणारी बाई.
कुठली जेवणाआधी, कुठली नंतर,
कुठली पोटुशीनं अजिबात नको, सगळं सांगते.
पण कुंडीवरच्या कागदात कानडीत एकच शब्द:
अलंका, आणि पुढं पाणी.

हुक्केरी रस्त्याला बसलिंगाची नर्सरी.
"मिरचीच हाय ताई, इख न्हवं," तो म्हणाला.
"पर ती पलीकडची बगा, गोल, लाल, बोराएवढी,
ती मिरची न्हवं. पोरांच्या हाताला लागू देऊ नकासा."
मग बोटानं माती दाबत, जरा थांबून,
"आणि ही बी आत्ता नको.
मावा पडल्यालं रोप कोण घेतंय?
आमी औषध मारतो.
खायाच्या रोपाला दिस मोजतो.
शोभेच्याला कोण मोजतंय?"

औषध.
आम्ही दोघंही तोच शब्द विकतो.

आणि गेले दोन महिने हाच बसलिंग
डोळ्यांचे थेंब नेतोय माझ्याकडनं,
चिठ्ठीशिवाय, उधारीवर.
मी वहीत आकडा लिहायची.
डोळे का जळतात ते विचारलं नव्हतं.
कोपऱ्यात पाठीवरचा पंप, त्यावर वाळत टाकलेला टॉवेल,
एवढाच त्याचा मास्क.
मी खाण्याचं विचारायला आले होते.
त्याच्या श्वासाचं कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वेळी थेंब दिले नाहीत.
गडहिंग्लजला डोळ्यांच्या डॉक्टरकडं धाडला.
रागावला. गेला मात्र.

लाल झालेल्या सगळ्या मिरच्या तोडल्या,
चिरल्या, बी काढलं,
आणि साबण लावून धुतलेलंच बोट डोळ्याला लागलं.
दिवसभर गिऱ्हाईक विचारत होतं, घरी सगळं ठीक न्हवं का.

थर्मोकोलच्या रिकाम्या खोक्यात पेरलं.
सात उगवली. दोन नुसतीच हिरवी निघाली,
जांभळेपणाचं नावही नाही.
मावा आला तेव्हा ओल्या कापसानं
एकेक पान पुसत बसले दुपारच्या शांततेत.

पहिली पिकलेली बुलबुलानं नेली.
त्याला तिखट लागत नाही म्हणतात.
आणि पाखरानं खाल्लं
ही काही डॉक्टरची चिठ्ठी नव्हे.

दसऱ्यानंतर, डब्यातल्या भाकरीबरोबर,
मी खाल्ली.
वास नाही. आमटीला रंग यायची आशा नाही.
आपली मिरची आधी उंबऱ्यावर वास पाठवते,
मग घरात येते.
ही टाचणीसारखी थेट टोचली, कानापर्यंत,
आणि खोट्या नम्रपणे गप्प बसली.
वाईट नव्हती. उचकी मात्र लागली.

संध्याकाळी बसलिंग आला, काळा चष्मा लावून.
"पंप मारताना घालतो," म्हणाला,
आत्ता का घातलाय ते नाही सांगितलं.
मी एक लाल तोडून त्याच्या हातावर ठेवली.
त्यानं ती शर्टाला पुसली.
"माझ्या रोपाची आहे," मी म्हणाले. "काही मारलेलं नाही."
"हां," म्हणाला,
परत पुसली, उलटीपालटी करून,
चष्मा वर करून उजेडात बघितली,
अजून एकदा पुसली,
आणि मग चावली.